डब्याचे पैसे देऊ नका, लेन्सचे द्या

पत्र थोडक्यात असं: माझ्याकडे १९७२ ची डॅटसन २४०झेड आहे, मूळची अमेरिकेत विकली गेलेली, डावीकडे स्टिअरिंग असलेली. बॉडी झाली, इंजिन झालं, आता मागच्या दिव्यांपाशी गाडी अडलीय. डाव्या लेन्सला कोपऱ्यात तडा आहे, उजवी शाबूत आहे पण रंग उडालाय. जपानमधल्या एका विक्रेत्याकडे डबाबंद, कधीच न बसवलेली जोडी आहे म्हणे, तीही नारिंगी इंडिकेटरवाली, जी मला कधीपासून हवी होती. १,८०,००० येन मागतोय, सगळे आधी, आणि दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून दोन दिवसांत कळवा म्हणतोय. क्लबातला मित्र म्हणतो नवीन बनवलेले कॉपी दिवे घे, पाव किमतीत काम होईल. बायको विचारते, दिवा लागतोय ना, मग एवढे कशाला? अशी जोडी परत मिळाली नाही तर काय या भीतीने झोप लागत नाहीये. किंमत बरोबर आहे की नाही हे ठरवायचं कसं?

नमस्कार,

तुम्ही किंमत बरोबर आहे का विचारलंत, पण त्याच्या आधीचा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही, तो म्हणजे हा दिवा तुमच्या गाडीचा आहे का. आणि मला वाटतं सगळा गुंता तिथेच आहे, किंमत फार पुढची गोष्ट.

झेडचा मागचा दिवा म्हणून एकच काही वस्तू नाहीये. निसानची (डॅटसन हा तिचाच ब्रँड) एस३० ही गाडी १९६९ च्या शेवटी जपानमध्ये फेअरलेडी झेड नावाने आली, बाहेर २४०झेड म्हणून गेली. जपानमधल्या गाडीला मागे नारिंगी इंडिकेटर, अमेरिकेला गेलेल्या गाडीला इंडिकेटरसकट सगळं लाल. पुढे १९७४ ला २६०झेड आली तेव्हा रिव्हर्सचा दिवा मुख्य दिव्यातून काढून मागच्या पॅनेलवर वेगळा नेला, म्हणजे तो दिवा अजून निराळा. तुमची गाडी कारखान्यातून लाल दिवे घेऊन निघालीय. तेव्हा तुम्ही नारिंगी बसवणार असाल तर ते मूळ रूपात आणणं नाही, ती तुमची आवड आहे. आवडीत काही चूक नाही, उलट मागून येणाऱ्याला ब्रेक कुठला आणि इंडिकेटर कुठला हे नारिंगीत पटकन कळतं त्यामुळे मला स्वतःलाही नारिंगीच पटतो. पण मग डबाबंद, न वापरलेला, जुना असं सगळं मोजून संग्राहकाची किंमत कशासाठी द्यायची? ज्याला मूळपणाची किंमत कळते त्याच्या नजरेला तुमच्या गाडीवर तो दिवा चुकीचाच दिसणार. आणि ज्याला नुसतं रूप आवडतं त्याला तो डब्यातून आला की भंगारातल्या गाडीवरून, काही फरक पडत नाही.

म्हणून आधी हे ठरवा की तुम्ही काय करताय. गाडी कारखान्यातून निघाली तशी करायचीय तर लाल दिवे शोधा, आणि ते शोधायची जागा जपान नाही, अमेरिका आहे, कारण २४०झेडचा सगळ्यात मोठा बाजार तोच होता आणि सुट्या भागांसाठी मोडलेल्या गाड्याही तिथेच जास्त. जपानी रूप द्यायचंय तर नारिंगी घ्या, पण चांगल्या वापरलेल्या जोडीवर समाधान माना. दोन्ही रस्ते चांगले आहेत, फक्त एकाची किंमत देऊन दुसऱ्यावर चालू नका.

नारिंगी घेणार असाल तर वायरिंग आधी बघून घ्या. त्या काळात अमेरिकेसाठीच्या काही गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर असायचे. तुमच्या गाडीत ब्रेक दाबून धरा आणि इंडिकेटर लावा, तोच बल्ब लुकलुकायला लागला तर दोन्ही एकत्र आहेत, आणि नुसती लेन्स बदलून भागणार नाही, वायर वेगळी ओढावी लागेल. वेगळा बल्ब लुकलुकला तर काम सोपं. दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण विक्रेता हे तुम्हाला सांगणार नाही. आणि गाडीची जिथे नोंदणी आहे तिथला नियम विचारून घ्या, अमेरिकेत मागचा लाल इंडिकेटर आजही चालतो, युरोपात आणि जपानमध्ये नवीन गाड्यांना नारिंगीच लागतो, जुन्या गाड्यांना सूट कुठपर्यंत हे देशागणिक बदलतं.

आता तुमच्या बायकोचा प्रश्न. तुम्ही तो विरोध म्हणून लिहिलाय, पण मला तो या सगळ्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न वाटला. दिवा लागतोय ना? नीट लागतोय का ते बघितलंय का तुम्ही? रात्री गाडीच्या मागे थोडं लांब उभे राहा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, खरं तर त्यांनाच सांगा. बऱ्याचदा अंधुक दिव्याचा दोष लेन्सचा नसतोच, आतल्या होल्डरला गंज चढलेला असतो, अर्थिंग सुटलेलं असतं किंवा रिफ्लेक्टरवरचा चंदेरी थर काळा पडलेला असतो. त्यातलं बरंचसं घरच्या घरी, एका दुपारी होण्यासारखं आहे. आणि रंग उडाला की नाही हे दिवा लावूनच ठरवायचं, उन्हात विझलेली लेन्स फिकी दिसते आणि रात्री तीच चांगली लाल उजळते असं पुष्कळदा होतं. लागल्यावरही गुलाबी किंवा केशरी दिसत असेल तर मात्र ती गेली.

किंमत ठरवायची तर दिवा मनातल्या मनात सुटा करा. लेन्स, मागची वाटी, रिफ्लेक्टर, कडेची चकचकीत पट्टी, पॅकिंग, होल्डर. आता प्रत्येकाला विचारा की हे परत करता येतं का. पॅकिंग करता येतं, चांगला बंद पेशींचा फोम किंवा ब्युटिल पट्टी आणून कापायचं. होल्डर आणि वायर नवीन बसतात. वाटीचा गंज काढून रंग मारता येतो, रिफ्लेक्टरवर परत चंदेरी थर देणारे लोक आहेत. पट्टी परत प्लेट होते, धातूची असेल तर सहज, प्लास्टिकची असेल तर जरा मुश्किलीने. एकच गोष्ट होत नाही, लेन्स. ती ॲक्रिलिकची, पोलादी साच्यात दाबून काढलेली असते, आतल्या बाजूला ते बारीक बारीक चौकोनी किंवा उभे पैलू असतात जे प्रकाश पसरवतात, आणि तो साचा बनवायला इतका खर्च येतो की थोड्या गाड्यांसाठी कुणी बनवत नाही. म्हणजे या सगळ्या दिव्यात किंमत आहे ती लेन्सला. मागून गंजलेला, वायर तुटलेला, पट्टी नसलेला पण लेन्स निर्मळ असलेला दिवा भंगार म्हणून विकायला येतो आणि तोच खरा घेण्यासारखा असतो. जपानी लिलावात विक्रेते अशा मालाला सरळ जंक लिहून मोकळे होतात, परत घेणार नाही म्हणतात, आणि लोक घाबरून सोडून देतात. तुम्ही सोडू नका, फोटो मागा.

फोटो कुठले मागायचे ते सांगते, हे कुठल्याही गाडीच्या दिव्याला लागू आहे. चारही कोपऱ्यांचे जवळून. मागच्या बाजूचा. लेन्सवर छापलेल्या अक्षरांचा, वाचता येईल असा. स्क्रूच्या भोकांचा, कारण कुणीतरी स्क्रू जास्त आवळलेला असतो आणि भोकापासून बारीक चिरा बाहेर गेलेल्या असतात ज्या समोरून दिसतच नाहीत. आणि एक फोटो अंधारात, लेन्सच्या मागे मोबाईलचा टॉर्च लावून. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. समोरून उजेड टाकला की लेन्स चकाकते आणि सगळं लपतं, मागून टाकला की आतली जाळी दिसायला लागते, केसाएवढ्या बारीक रेघा एकमेकींत गुंतलेल्या. ही जाळी बहुतेक वेळा कुणीतरी पेट्रोलने, थिनरने किंवा ब्रेक क्लीनरने लेन्स पुसल्यामुळे धरते, ॲक्रिलिकला ते सहन होत नाही, आणि एकदा धरली की पॉलिशने जात नाही. त्याच फोटोत बल्बच्या बरोबर समोरचा भाग बघा, तिथे बुडबुडे किंवा ओघळल्यासारखा डाग असेल तर आधीच्या मालकाने जास्त वॅटचा बल्ब लावला होता. जपानी गाड्यांत त्या काळी २३/८ वॅटचे दोन फिलामेंटवाले बल्ब असायचे, त्याच्या खूप वर गेलं की लेन्स भाजते.

छापलेली अक्षरं बरंच बोलतात. जपानी दिव्यांवर कोइतो, स्टॅनली किंवा इचिकोह या दिवे बनवणाऱ्या कंपन्यांचं नाव असतं, इचिकोहचं बऱ्याचदा आयकेआय असं. अमेरिकेसाठीच्या लेन्सवर एसएई (तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं प्रमाण) आणि त्यापुढे अक्षरं, ए म्हणजे रिफ्लेक्टर, आय इंडिकेटर, आर रिव्हर्स, एस ब्रेक, टी टेल. त्यापुढे दोन आकडे असतील तर ते बनवल्याचं साल नव्हे, ते त्या प्रमाणाचं साल असतं, आणि यावरून विक्रेते आणि घेणारे दोघंही फसतात. युरोपसाठीच्या लेन्सवर गोलात ई आणि देशाचा आकडा. इथे एक फार उपयोगी गोष्ट आहे. ही ई खूण संयुक्त राष्ट्रांच्या वाहन करारातून येते. जपानचा आकडा ४३, आणि जपान त्या करारात आला १९९८ साली. म्हणजे १९७२ च्या गाडीची अस्सल जुनी लेन्स म्हणून कुणी विकत असेल आणि तिच्यावर गोलात ई४३ असेल, तर ती लेन्स कितीही सुंदर असली तरी सत्तरच्या दशकातली नाही.

पार्ट नंबरही मागा. निसानमध्ये मागच्या दिव्याचा नंबर साधारण २६५५० ने सुरू झाला तर उजवा, २६५५५ ने तर डावा, टोयोटात ८१५५० उजवा आणि ८१५६० डावा. पहिले पाच आकडे वस्तू कुठली ते सांगतात, पुढचे पाच मॉडेल आणि प्रकार, आणि नारिंगी की लाल हा फरक त्या पुढच्या आकड्यांत असतो. जुन्या पार्ट कॅटलॉगशी ताडून बघा. डब्यावर नंबर बरोबर आहे म्हणजे आतला माल तोच असं धरू नका हं, रिकामे जुने डबे वेगळे विकले जातात. कधीच न बसवलेला दिवा असेल तर मागच्या बोल्टांच्या प्लेटिंगवर नट फिरल्याची खूण नसते, बल्बच्या भोवती रिफ्लेक्टर धुरकटलेला नसतो आणि पॅकिंग दबलेलं नसतं. आणि तरीही ते पॅकिंग पन्नास वर्षांचं आहे, डब्यात बसून ते कडक झालेलंच असणार, बसवायच्या आधी नवीन लागणारच. न वापरलेला म्हणजे नवा असं नाही, हे पैसे देताना लक्षात राहू दे.

आता ते १,८०,००० येन. मी आकडा बरोबर की चूक म्हणणार नाही, कारण तो मागितलेला आकडा आहे आणि मागितलेल्या आकड्यावरून कशाचीच किंमत कळत नाही. वर्षभर न विकलेला माल पण त्याच आकड्याला लटकलेला असतो आणि पुढचा विक्रेता तोच बघून आपला आकडा लिहितो. तुम्ही फक्त विकल्या गेलेल्या वस्तू बघा. याहू ऑक्शन्सच्या जपानी बाजारात संपलेल्या लिलावांचे आकडे बघता येतात, एस३० च्या मागच्या दिव्यांच्या जेवढ्या सापडतील तेवढ्या विक्री कागदावर उतरवा, जोडी की एकटा, लाल की नारिंगी, लेन्सची अवस्था काय, एवढं प्रत्येकापुढे लिहा. थोड्याच नोंदींत तुम्हाला दिसेल की जोडी एकट्याच्या दुपटीपेक्षा जास्त जाते, आणि ते योग्यच आहे, कारण दोन्ही लेन्सचा रंग सारखा म्हातारा झालेला असतो. तुमचंच बघा ना, डावी नवी कोरी आणली आणि उजवी फिकी ठेवली तर गाडी मागून काणी दिसेल.

आणि दुर्मिळ म्हणजे महाग हे तर डोक्यातून काढूनच टाका. एखाद्या जुन्या स्टेशन वॅगनचे दिवे जगात अगदी थोडे उरलेले असतात आणि तरी स्वस्तात जातात, कारण ती वॅगन सांभाळणारेच कुणी नाहीत. उलट निसानची केनमेरी स्कायलाईन घ्या, १९७२ ते १९७७, गोल दिव्यांची. तिची सगळ्यात वेगवान आवृत्ती, जीटी-आर, १९७३ मध्ये २०० सुद्धा बनली नाही, पण साध्या केनमेरी पुष्कळ बनल्या, आणि त्या दिव्यांना मागणी आहे ती त्या गोल रूपाच्या ओढीमुळे. झेडही अशीच, दिवे काही अगदी नाहीसे झालेले नाहीत, मागणारे खूप आहेत. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की अशी जोडी परत येईल. दोन दिवसांत नाही येणार, पण येईल.

त्या विक्रेत्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की दोन दिवसांची मुदत आणि सगळे पैसे आधी हे दोन्ही एकत्र आले की मी तिथून उठते. तो खराही असेल. पण त्याला सांगा की टॉर्चवाला फोटो, अक्षरांचा फोटो आणि आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून एक फोटो पाठवा, आणि पैसे अशा मार्गाने देईन जिथे माल चुकीचा निघाला तर परत मागता येतात. खरा माणूस एवढं करतो, त्याला विकायचंच असतं. दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेलं तर घेऊन जाऊ दे.

लिलावातून घ्यायचं ठरलं तर बाहेरच्या माणसाला बहुतेक वेळा मध्यस्थ सेवा लागते, आणि तिथे हिशोब चुकतो. बोलीची रक्कम, मध्यस्थाचं कमिशन, जपानमधल्या जपानमध्ये पाठवणं, परत पॅकिंग, परदेशी कुरिअर, तुमच्याकडचं सीमाशुल्क, हे सगळं मिळून दिव्याची किंमत. दिवा हलका असतो पण खोका मोठा, आणि कुरिअर आकारमानावर पैसे लावतं. दोन्ही लेन्स वेगवेगळ्या गुंडाळायला आणि कोपऱ्यांवर जास्त फोम द्यायला आवर्जून सांगा, प्रवासात तुटतो तो कोपराच. सगळं धरून वरची मर्यादा आधीच लिहून ठेवा. तिथल्या बऱ्याच लिलावांत शेवटच्या काही मिनिटांत बोली लागली की वेळ आपोआप वाढते, शेवटच्या सेकंदाला उडी मारून काही मिळत नाही, फक्त माणूस तापतो आणि मर्यादा ओलांडतो.

मित्राचा कॉपी दिव्यांचा सल्ला मी उडवून लावणार नाही. रोज चालवायच्या गाडीला चांगली कॉपी हे शहाणपणाचं उत्तर आहे, अस्सल जोडी कपाटात सुरक्षित राहते. फक्त कॉपी कशी बनलीय ते विचारा. साच्यातून ॲक्रिलिक दाबून काढलेली असेल तर टिकते. सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून केलेली असेल तर ती थोडी आकसते, कडेला नीट बसत नाही, उन्हात पिवळी पडते, आणि आतले पैलू बोथट असल्यामुळे प्रकाश नीट पसरत नाही. कुठलं प्रमाण छापलेलं आहे का तेही बघा, नसेल तर तपासणीत अडकू शकते.

आणि तुमची स्वतःची डावी लेन्स? तिला इतक्यात मोडीत काढू नका. कोपऱ्यातला तडा नुसता तडा असेल, तुकडा पडलेला नसेल, तर ॲक्रिलिक जोडायचं पातळ सॉल्व्हंट सिमेंट आतल्या बाजूने सोडलं की ते आपोआप चिरेत ओढलं जातं आणि दोन्ही कडा एकजीव होतात. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, त्याचा पांढरा धूर लेन्सवर बसतो आणि जोड ठिसूळ राहतो. उजवीला १५०० आणि मग २००० चा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने, मग कंपाउंड. वरचा मेलेला थर गेला की खूपदा खालून चांगला रंग निघतो. नाही निघाला तर समजा रंग आतपर्यंत गेलाय. मी तुमच्या जागी असते तर आधी हेच केलं असतं, खर्च नगण्य आहे, आणि गाडी रस्त्यावर आणून मग निवांत जोडी शोधली असती.

दुसऱ्या गाड्यांवाल्या वाचकांसाठी पटकन दोन गोष्टी. टोयोटाच्या एई८६ वाल्यांनो, १९८५ च्या आधीची की नंतरची, आणि हॅच की कूपे, हे दोन्ही कळल्याशिवाय पैसे देऊ नका. डॅटसनच्या ५१० ब्लूबर्ड कूपेच्या मागच्या इंडिकेटरचे तीन तुकडे एकामागोमाग एक लागतात, नुसत्या लेन्स घेतल्या आणि ते चालवणारं युनिट राहिलं तर दिवे अर्धेच मिळाले. आणि निसानच्या आर३२ जीटी-आर किंवा टोयोटाच्या सुप्रासारखी गाडी असेल तर बाजारात जायच्या आधी निसानच्या आणि टोयोटाच्या हेरिटेज पार्ट्सच्या याद्या बघा, निसानने २०१७ पासून आणि टोयोटाने २०२० पासून काही जुने भाग परत बनवायला घेतलेत, यादी वाढत जाते. झेडवाल्यांनी मात्र त्या आशेवर काम थांबवू नये.

नवी जोडी आली की जुन्या लेन्स फेकू नका. तुमच्या त्या तडा गेलेल्या लेन्सचा तुकडा, त्याच रंगाचा आणि त्याच वयाचा, दुसऱ्या कुणाच्या तुटलेल्या कोपऱ्याला लागतो. विकायला काढाल तेव्हा टॉर्चवाला फोटो आधी टाका आणि तडा कुठे आहे ते पहिल्या ओळीत लिहा.